पगारावरचा व्यवसाय कर वाढवावा की राज्याचा खर्च कापावा?

पिंपरीचा हिशेबनीस

मी पिंपरी-चिंचवड भागातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात गेली एकोणीस वर्षे पगारपत्रके करतो. दर फेब्रुवारीत माझ्या टेबलाशी चार-पाच जण हमखास येतात, कारण इतर अकरा महिने दोनशे रुपये कापला जाणारा व्यवसाय कर, म्हणजे ज्याला आपण सगळे पीटी म्हणतो, त्या महिन्यात तीनशे होतो. या वर्षी पॅकिंग विभागातल्या एक ताई आल्या. त्यांचा एकूण पगार २४,४०० रुपये आहे. महाराष्ट्रात महिलांना २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसाय कर लागत नाही, त्यामुळे त्यांच्या स्लिपवर त्या रकान्यात नेहमी शून्य असते. या महिन्यात नऊशे रुपयांचा ओव्हरटाइम झाला, पगार २५,३०० झाला आणि तीनशे रुपये कापले गेले. दोन रविवार उभे राहून मिळवलेल्या नऊशेतला तिसरा हिस्सा गेला. त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, पीएफ कळतो, तो पुढे आपल्यालाच मिळतो. हा पीटी कुठं जातो?"

मी म्हटले, सरकारकडे. त्या गेल्या, पण ते उत्तर माझे मलाच पुरेसे वाटले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

वस्तुस्थिती अशी. हा कर लावण्याचा अधिकार राज्यांना राज्यघटनेच्या कलम २७६ने दिला आहे आणि त्याची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २,५०० रुपये आहे. ही मर्यादा १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ठरली आणि तेव्हापासून हललेली नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० आणि पंधराव्या वित्त आयोगाने १८,००० रुपये करावी, अशी शिफारस केली. दुसरीकडे राज्याच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटी रुपये दाखवलेली आहे आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात गेले आहे. ही तूट भरायची तर पगारदारांकडून जास्त घ्यावे लागेल किंवा कुठे तरी खर्च कापावा लागेल.

माझे मत आधीच सांगतो. मर्यादा वाढवावी, परंतु तळाच्या माणसाला पूर्ण सोडून, वरच्या पगारावर चढत्या दराने, आणि जमा झालेला पैसा कशासाठी आहे हे कायद्यातच लिहून. सरसकट खर्चकपातीला माझा विरोध आहे. आपली मते सविस्तर वाचायला आवडतील.

ठाणेकर वकील

महत्त्वाचा विषय आहे. चर्चा भरकटू नये म्हणून कायद्याची बाजू आधी मांडतो.

२,५०० रुपयांची मर्यादा ओलांडणे कोणत्याही राज्याच्या हातात नाही. त्यासाठी संसदेत विशेष बहुमताने घटनादुरुस्ती करावी लागेल. ही मर्यादा का घातली गेली, तेही समजून घ्यायला हवे. प्राप्तिकर हा केंद्राचा विषय आहे आणि राज्यांनी व्यवसाय कराच्या नावाखाली दुसरा प्राप्तिकर उभा करू नये, ही भूमिका ब्रिटिश काळापासून आहे. तेव्हा ती मर्यादा ५० रुपये होती, राज्यघटनेने २५० केली आणि १९८८ मध्ये २,५०० झाली.

परंतु मर्यादेच्या आत कोणाकडून किती घ्यायचे, हे ठरवण्याची राज्याला पूर्ण मोकळीक आहे. महाराष्ट्राच्या १९७५च्या कायद्याच्या अनुसूचीत आज पुरुषांना ७,५०० रुपयांपर्यंत सूट आहे, ७,५०१ ते १०,००० पर्यंत दरमहा १७५ रुपये आणि त्यापुढे २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. कारखान्यातले किमान वेतनच आज दहा हजारांच्या वर गेले असल्यामुळे खालच्या दोन पायऱ्या जवळपास रिकाम्या आहेत. नाव पायऱ्यांचे असले, तरी पूर्णवेळ काम करणारा प्रत्येक पुरुष शेवटच्याच पायरीवर उभा आहे. ही अनुसूची बदलायला दिल्लीला जावे लागत नाही.

आणखी एक. कलम २७६ हा कर राज्यासाठी किंवा नगरपालिका, जिल्हा मंडळे यांसारख्या स्थानिक संस्थांसाठी लावू देते. तामिळनाडू आणि केरळमध्ये तो स्थानिक संस्थाच सहामाही गोळा करतात. तिथल्या पगारदाराला निदान ठाऊक असते की हा पैसा आपल्या नगरपालिकेत जातो. दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेशात पगारदारांना हा कर नाही.

हिंजवडी ते वाकड

मूळ लेखातल्या ताईंबद्दल सहानुभूती आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

पगारदार माणूस हा राज्याला सर्वांत सोपा सापडणारा करदाता आहे. त्याचा पगार बँकेत पडण्याआधीच कापला जातो, त्याला लपवायला जागा नाही आणि तक्रार करायला संघटनाही नाही. प्राप्तिकर तो भरतो, प्रत्येक खरेदीवर वस्तू व सेवा कर भरतो, घर घेताना मुद्रांक शुल्क भरतो, गाडी घेताना वाहन कर भरतो. प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत व्यवसाय कराची वजावटही मिळत नाही, म्हणजे जो पैसा हातात आलाच नाही त्यावरही केंद्राचा कर द्यावा लागतो. अशा माणसाला अडीच हजारांऐवजी अठरा हजार द्या म्हणताना, आधीच्या अडीच हजारांचे काय झाले, हे सांगण्याची जबाबदारी सरकारची आहे.

खर्च कापायला जागा नाही, हेही मला पटत नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४च्या जूनमध्ये जाहीर झाली, तेव्हा वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज सांगितला गेला. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद झाली. निवडणुकीच्या तोंडावर घाईने अर्ज मंजूर झाले आणि २०२५ मध्ये छाननी झाली तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांसह अनेक अपात्र व्यक्तींनी लाभ घेतल्याचे सरकारलाच मान्य करावे लागले. जे पैसे तपासणीअभावी गेले, ते आता माझ्या पगारातून भरून काढायचे, यात न्याय कुठे आहे? आधी गळती बंद करावी, मग माझ्याकडे मागायला यावे. मला गरिबांवरचा खर्च नको आहे, असा याचा अर्थ कृपया कोणी काढू नये. हिशेब न देणारा खर्च मला नको आहे.

माणदेशी

हा कर कुठून आला, हे या धाग्यावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे आजोळ माण तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळात माझी आई एकोणीस वर्षांची होती आणि आठ महिने खडी फोडायला जात होती. सकाळी मुकादम मस्टर घेऊन झाडाखाली बसायचा, नाव पुकारले की 'हाय' म्हणायचे आणि आपल्या ढिगाकडे जायचे. हातोडीचा दांडा घामाने निसटू नये म्हणून ती त्याला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळत असे. तिच्या उजव्या अंगठ्याच्या बाजूला तेव्हाचा घट्टा आजही हाताला लागतो. त्या सरकारी दुष्काळी कामांवर सुकडी हा तयार पौष्टिक आहार मिळायचा, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्या दुष्काळात लोकांचे फार हाल झाले, गुरे गेली, गावे ओस पडली, पण एवढ्या मोठ्या टंचाईत माणसे भुकेने मोठ्या संख्येने मेली नाहीत, याचे फार मोठे कारण ही कामे होती.

त्या आधीच सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर भागात वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात, १ मे १९७२ रोजी, ही रोजगार हमी योजना राज्याला लागू झाली. मध्यंतरी दुष्काळी कामांमुळे ती बाजूला पडली आणि नंतर पुन्हा मार्गी लागली. १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमताने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून काम मागणे हा महाराष्ट्रातल्या ग्रामीण माणसाचा कायदेशीर हक्क झाला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला, म्हणजे आपल्यानंतर पाव शतकाने.

आता पैशाकडे येतो. या हमीसाठी पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाही आजच्यासारखाच होता. दुसऱ्या खात्यांचा खर्च कापून तो भागवता आला असता. तसे न करता राज्याने नवे कर लावले आणि त्यांतला सर्वांत मोठा होता शहरातल्या पगारावरचा व्यवसाय कर, १९७५ पासूनचा. जोडीला मोटार वाहने, बागायत जमीन, विक्रीकर यांवरचे जादा आकार होते. हे सगळे रोजगार हमी निधीत जायचे आणि जेवढे जमा होईल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, असे कायद्याने बांधलेले होते. मुंबईच्या कारकुनाने महिन्याला काही रुपये द्यावेत आणि त्यातून माणदेशातल्या बाईला तिच्या गावाजवळ काम मिळावे, असा हा व्यवहार होता. शहरानेही तो मान्य केला, कारण दुष्काळ पडला की गाव उठून मुंबईच्या फुटपाथवर येते, हे शहराने डोळ्यांनी पाहिले होते.

तेव्हा हिंजवडीच्या मित्रांना नम्रपणे सांगतो की आपल्या स्लिपवरच्या दोनशे रुपयांचा जन्म एका हमीसाठी झालेला आहे. आपण 'हिशेब द्या' म्हणता ते योग्यच आहे. पण हिशेब मागताना तो कर कशासाठी होता, हेही मागावे.

निवृत्त लेखाधिकारी

माणदेशी यांनी सांगितलेला इतिहास बरोबर आहे, परंतु अर्धा आहे. उरलेला अर्धा मी लेखा शाखेत बसून पाहिला आहे.

१९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाशी जोडली गेली आणि जवळपास दुप्पट झाली. मजुरांसाठी ते न्याय्यच होते. मात्र त्यानंतरच्या वर्षी कामाचे मनुष्यदिवस, म्हणजे सगळ्या मजुरांना मिळून मिळालेले कामाचे दिवस, घसरले. काम मागणारे कमी झाले नव्हते. निधीचा अंदाज तोच ठेवून मजुरी वाढली की कामे कमी उघडली जातात. काम मंजूर आहे, पण सुरू झालेले नाही. सुरू झाले, पण चार मैल लांब आहे. मस्टर संपले आहे, नवे आलेले नाही. यांपैकी कशालाही 'कपात' हा शब्द लागत नाही, कुठल्याही अंदाजपत्रकात ती दिसत नाही आणि विधानसभेत त्यावर मतदान होत नाही.

पुढे १९९०च्या सुमारास रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड आली. त्यातून आंबा, डाळिंब, बोर यांच्या बागा उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांचे भले झाले, याबद्दल वाद नाही. परंतु मजुराच्या नावाने लावलेल्या कराचा मोठा भाग जमीनमालकाच्या बागेत गेला, हेही लिहून ठेवले पाहिजे. २००६ पासून केंद्राचा कायदा लागू झाला आणि शंभर दिवसांच्या अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने उचलला. आपल्या राज्याचा भार तेवढा हलका झाला. व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. ज्या दिवशी कर आणि त्याचे कारण यांची फारकत झाली, त्या दिवसाची बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आली नाही.

आता 'खर्च कापा' याविषयी. राज्याच्या महसुलातला फार मोठा भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचे व्याज यांत जातो. ते कापता येत नाही. उरलेल्यातून कापायचे, तर वित्त विभाग प्रत्येक विभागाला तरतुदीच्या ठरावीक टक्क्यांइतकाच निधी बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर सोडतो. टक्केवारी सर्वांना सारखी, म्हणून ती निःपक्षपाती वाटते. प्रत्यक्षात ज्याची देणी आधीच बांधलेली आहेत त्याला ती लागत नाही. ती लागते आश्रमशाळेच्या छपराला, अंगणवाडीच्या इंधनाला, ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खरेदीला आणि छोट्या ठेकेदाराच्या बिलाला. एका जिल्हा परिषदेत असताना मी ३१ मार्चच्या रात्री अकरा वाजता शाळा दुरुस्तीची सत्तेचाळीस देयके तारखेअभावी परत बांधून ठेवली आहेत. त्यांतल्या काही शाळांची मुले पुढच्या पावसाळ्यात व्हरांड्यात बसली. हिशेबाच्या वहीत त्याला 'बचत' म्हणतात. हिंजवडीचे मित्र ज्या अपात्र लाभार्थ्यांचा खर्च कापू पाहतात, तो तपासणी करून, नावानिशी, मनुष्यबळ लावून कापावा लागतो. टक्केवारीची कपात तिथे पोचत नाही. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवल्याची तक्रार २०२५ मध्ये तर मंत्रिमंडळातूनच जाहीरपणे झाली.

इचलकरंजी, यंत्रमाग

दोन्ही बाजू वाचल्या. लहान धंद्याची बाजू मांडतो.

माझ्याकडे चौदा कामगार आहेत. त्यांचा पीटी मी कापून भरतो, त्याची नोंदणी वेगळी. माझा स्वतःचा वर्षाला २,५०० रुपये, त्याची नोंदणी वेगळी. भागीदार भाऊ आहे, त्याचा वेगळा. विवरणपत्राला उशीर झाला तर हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागते, मग मूळ कर दोन हजार असो की दोन लाख. हे सगळे मी करतो, पण माझ्या गल्लीत ज्यांनी कधी नोंदणीच केली नाही असे मागवाले, सायझिंगवाले, दलाल आणि खासगी शिकवण्या घेणारे किती तरी आहेत. जो नोंदणी करतो तोच दरवर्षी नोटिसा वाचतो. कराची मर्यादा वाढवण्याआधी जे बाहेर आहेत त्यांना आत आणा. नाही तर अठरा हजारांची मर्यादा म्हणजे नियमाने चालणाऱ्याला सातपट दंड होईल, आणि बाहेर राहण्याचे आकर्षणही सातपट वाढेल.

न्यू जर्सीकर

मी अमेरिकेत नोकरी करतो, म्हणून इथला अनुभव जोडतो, कारण पगारावरचा कर की खर्चातली कपात हा वाद इथे चाळीस वर्षांहून जुना आहे.

इथे सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे मुख्यतः सरकारी निवृत्तिवेतनासाठी, पगाराच्या ६.२ टक्के कामगार देतो आणि तेवढेच मालक देतो. २०२५ साठी १,७६,१०० डॉलरपर्यंतच्या पगारावरच हा कर लागला. त्यापुढच्या कमाईवर नाही. म्हणजे मोठ्या पगाराच्या माणसाचा टक्का इथेही घसरतो. १९८३ मध्ये हा निधी आटायच्या बेतात आला होता. तेव्हा ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या शिफारशींवरून रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन आणि प्रतिनिधिगृहाचे डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांनी मिळून तोडगा काढला. कराची ठरलेली वाढ अलीकडे ओढली गेली, वरच्या उत्पन्नाच्या निवृत्तांच्या लाभावर कर आला आणि पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ वर नेले गेले. म्हणजे थोडा कर आणि थोडी कपात असे दोन्ही झाले. विश्वस्तांच्या २०२५च्या अहवालानुसार काहीच बदल केला नाही तर २०३४ मध्ये एकत्रित राखीव निधी संपेल आणि तेव्हाच्या जमेतून ८१ टक्के लाभच देता येतील. म्हणून तोच वाद पुन्हा उभा आहे.

माझ्यासारख्याचा प्रश्न वेगळा आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. दहा वर्षांची नोंद पूर्ण होण्याआधी जो मराठी मुलगा व्हिसा संपून परत जातो, त्याने भरलेल्या पैशांवर त्याला निवृत्तिवेतन मिळत नाही. माझे दोन मित्र सहा-सहा वर्षे भरून परतले. तरीही एक गोष्ट लक्षात आली. इथे पगाराच्या स्लिपवरचा तो रकाना पाहून कोणी 'हा कुठे जातो' असे विचारत नाही. रागावतात, वाढीला विरोध करतात, पण तो आजीच्या निवृत्तिवेतनासाठी आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणूनच त्याला हात लावताना दोन्ही पक्ष कचरतात.

हिंजवडी ते वाकड

माणदेशी आणि लेखाधिकारी यांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. माझ्या स्लिपवरच्या या रकान्याचा रोजगार हमीशी संबंध आहे, हे मला बारा वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितले नव्हते.

टक्केवारीच्या कपातीबद्दल मी माझे म्हणणे मागे घेतो. मला जी कपात अभिप्रेत होती, ती करायला माणसे लागतात, हे पटले. परंतु माझी मूळ हरकत कायम आहे, उलट लेखाधिकाऱ्यांच्या लिहिण्याने ती अधिक पक्की झाली. १९७५ मध्ये निधी वेगळा होता, कायदा होता, राज्याने तेवढीच रक्कम घालण्याचे बंधन होते. तरीही पैसा बागांकडे गेला आणि कारण संपल्यावर कर उरला. मग उद्या नवा निधी काढला तर त्याचे तसेच होणार नाही, याची हमी काय? न्यू जर्सीकरांच्या उदाहरणात प्रत्येक देणाऱ्याला पुढे काही मिळणार असते, म्हणून प्रत्येक जण पहारा देतो. इथे देणारा शहरात आणि घेणारा गावात. पहारा कोण देणार?

पिंपरीचा हिशेबनीस

हाच खरा प्रश्न आहे आणि मी त्यावर दोन दिवस विचार केला. आधी आकडे मांडतो, कारण माझे काम तेच आहे.

महिना १०,५०० रुपये मिळवणारा मदतनीस वर्षाला २,५०० रुपये देतो, म्हणजे त्याच्या पगाराच्या जवळपास दोन टक्के. लाख रुपये पगाराचा माणूस तेवढेच देतो, तो होतो पाव टक्क्याहून कमी. पाच लाख पगाराचा अधिकारीही तेवढेच देतो, शंभर रुपयांमागे चार पैसे. आमच्या कारखान्यात हे तिघेही एकाच फाटकातून आत येतात आणि तिघांच्या स्लिपवर तोच आकडा मी टाकतो. १९८८ मध्ये केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन महिना ७५० रुपये होते. सातव्या वेतन आयोगात ते १८,००० झाले, म्हणजे चोवीसपट. तेव्हा अडीच हजार ही रक्कम खरोखर मोठ्या पगाराच्या माणसासाठीच होती. मर्यादा गोठली आणि पगार वाढत गेले, म्हणून श्रीमंतासाठी ठरवलेली रक्कम आज मदतनिसाच्या गळ्यात पडली आहे. कोणीही दर न वाढवता खालच्या माणसावरचा कर वाढला आणि वरच्या माणसाचा उतरला.

म्हणून माझी मांडणी अशी आहे. स्त्री असो की पुरुष, २५,००० पर्यंत काहीही घेऊ नये. त्यापुढे चढत जावे आणि १८,००० ची मर्यादा लागू झाली तर ती पूर्ण रक्कम महिना दीड लाख किंवा अधिक पगार असणाऱ्यालाच लागावी. दीड लाखाला वर्षाचे अठरा लाख होतात, त्यावर अठरा हजार म्हणजे बरोबर एक टक्का. पॅकिंगमधल्या ताईंसारखे थोड्या रुपयांनी पायरी ओलांडणाऱ्याचे तीनशे जाऊ नयेत, म्हणून कर पूर्ण पगारावर न लावता २५,००० च्या वरच्या भागावरच लावावा.

पहाऱ्याबद्दल बोलायचे तर ज्याचे पैसे जातात त्याच्या हातात दर महिन्याला कागद जातो. तो कागद मी छापतो. त्या रकान्याखाली एक ओळ येऊ शकते की मागच्या वर्षी या करातून इतके जमा झाले, राज्याने इतके घातले आणि इतक्या मनुष्यदिवसांचे काम झाले. राज्यातले मालक दर महिन्याला लाखो स्लिपा काढतात. ही एक ओळ प्रत्येकीवर सक्तीची केली, तर कारण संपून कर उरल्याचे पुढच्या वेळी एका वर्षात कळेल, वीस वर्षे लागणार नाहीत.

ठाणेकर वकील

यातल्या दोन गोष्टी संसदेविना होऊ शकतात, हे स्पष्ट करतो. पुरुषांसाठी २५,००० पर्यंत सूट देणे हा राज्याच्या अर्थसंकल्पातल्या एका दुरुस्तीचा विषय आहे. महिलांसाठी २०२३ मध्ये ते तसेच झाले. कर्नाटकाने तर त्याच वर्षी २५,००० ची सूट स्त्री-पुरुष दोघांनाही दिली. स्लिपवरची ओळही नियमांत बदल करून आणता येईल. मर्यादावाढीसाठी मात्र खासदारांकडे जावे लागेल, आणि दोन वित्त आयोगांच्या शिफारशी हाताशी असताना ती मागणी हवेतली ठरणार नाही.

एक सावधगिरी. राज्याने खालची सूट आधी दिली आणि मर्यादावाढ रेंगाळली, तर मधल्या काळात महसूल घटेल. तो वीस-बावीस हजारांच्या कामगारासाठी सोसावा, असे माझे मत आहे.

माणदेशी

वीस हजारांचा कामगार सुटावा, याला माझा मनापासून पाठिंबा आहे. त्या दिवसांतल्या खडी फोडणाऱ्यांचीच मुले आज चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत त्या पगारावर आहेत. म्हणजे ज्या घरासाठी हा कर लावला गेला, त्याच घराकडून तो आज कापला जातो आहे. हे मी स्वतः माझ्या मामेभावाच्या स्लिपवर पाहिले आहे.

आईने काम केले तो पाझर तलाव अजून आहे. गाळ भरला आहे, पण ऑक्टोबरपर्यंत पाणी धरतो आणि खालच्या अकरा विहिरींना त्याचा उतारा मिळतो. त्याचा गाळ काढण्याचे काम तीन वर्षे आराखड्यात आहे. ग्रामसभेत विचारले की निधी आला नाही, असे उत्तर मिळते. पिंपरीच्या मित्रांनी सुचवलेली ओळ स्लिपवर आली, तर तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लावावी. पहारा कोण देणार, असे हिंजवडीच्या मित्रांनी विचारले होते. देणाऱ्याच्या हातातला आणि घेणाऱ्याच्या गावातला आकडा एकच असला, तर दोघेही देतील.

हिंजवडी ते वाकड

हे मला मान्य आहे. अपात्र लाभार्थ्यांची छाननी आणि इचलकरंजीकरांनी सांगितलेली नोंदणी हे दोन्ही मुद्दे निवेदनात येणार असतील, तर त्यावर माझी सही धरा.

पिंपरीचा हिशेबनीस

दोन्ही मुद्दे घेतो. निवेदन अर्थमंत्री, आपापल्या भागातले आमदार आणि खासदार यांना द्यायचे आहे. रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकतो. वकील साहेबांनी अनुसूचीच्या दुरुस्तीचा परिच्छेद लिहून द्यावा, ही विनंती. इचलकरंजीकरांनी विलंब शुल्काबद्दल चार ओळी द्याव्यात. ते शुल्क कराच्या प्रमाणात असावे, ही मागणी मला योग्य वाटते.

निवृत्त लेखाधिकारी

मसुद्यात एक वाक्य जरूर घाला. 'व्यवसाय कराची जमा आणि रोजगार हमीवरील राज्याचा खर्च' एवढेच मागू नका, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली छापून मिळतील आणि त्यांचा मेळ बसणार नाही. १९७५ पासून वर्षनिहाय जमा, त्यापुढे राज्याने घातलेली समतुल्य रक्कम, त्यापुढे प्रत्यक्ष मजुरी, असा एकाच तक्त्यातला तपशील मागा. जुन्या वर्षांची वहीखाती कशी वाचायची, हे मी बसून समजावून देईन.

पिंपरीचा हिशेबनीस

तक्त्याचा रकाना आजच आखून ठेवतो. पॅकिंगमधल्या ताईंनाही निवेदन वाचून दाखवणार आहे. पहिली सही त्यांची घ्यावी, असा विचार आहे.